टँकला घरच्या घरी हवा: तुमचे जुगाड आणि फजित्या लिहा

मागच्या आठवड्यात रात्री अकराला वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. माझा टँक जेमतेम 30 लिटरचा, त्यात चार गोल्डफिश (जास्त आहेत, मान्य, ओरडू नका). दोनच्या सुमारास टॉर्च मारून पाहिलं तर चौघंही वर आलेले, तोंड पाण्याच्या पातळीला लावून उघडझाप चाललेली. मग भांड्याने टँकमधलंच पाणी काढायचं आणि वीतभर उंचीवरून परत ओतायचं. दर दहा मिनिटांनी, उजाडेपर्यंत. दंड भरून आला, पण मासे तगले. बॅटरीचा पंप घेईनच. तोवर घरातल्या वस्तूंतून कोणी काय काय केलंय ते सांगा. फसलेलं तर आवर्जून सांगा.

* * *

सायकलची जुनी ट्यूब. टायरमधून काढलेली, पंक्चर नसलेली. त्यात बेताची हवा भरायची, तट्ट फुगवायची नाही. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना ट्यूब दुमडून कपड्यांचे चिमटे लावायचे, आतला व्हॉल्व्ह काढायचा आणि तिथे सलाइनची कोरी नळी घट्ट बसवायची, मग चिमटे काढायचे. या नळीवर चाक असलेली चिमटी असते ना, खरी गंमत तिच्यात आहे. चाक एवढंसं फिरवलं की बुडबुडे मोजून सोडता येतात.

पहिल्यांदा नळी तशीच पाण्यात सोडली तर एकेक भला मोठा बुडबुडा ‘भक्’ करून वर यायचा. मग मेणबत्तीवर टोक मऊ करून पकडीने दाबून बंद केलं आणि तापवलेल्या सुईने बाजूला पाच-सहा भोकं पाडली. आता बारीक माळ येते. एका भरण्यात मला दीडेक तास मिळतो. जोर ओसरला की ट्यूबवर जाडजूड पुस्तक ठेवतो, आणखी थोडी हवा निघते.

एक मात्र लक्षात ठेवा. ट्यूबच्या आत पांढरी पावडर असते. पहिली हवा टँकबाहेर सोडा.

* * *

मुलीने फुगा लावून पाहिला. आमचा टँक दीड फूट खोल. नळी तळाशी नेली की फुगा ढिम्म. फुग्यात जोरच तेवढा नसतो. नळी चार बोटं पाण्यात ठेवली तेव्हा चालला, पंधरा मिनिटं. मुलगी खूश, मासे जसेच्या तसे.

* * *

बुडबुड्यांचं जरा जास्तच कौतुक चाललंय म्हणून लिहितो. बुडबुडा तळापासून वर यायला जेमतेम एक-दोन सेकंद घेतो. तेवढ्यात त्यातला ऑक्सिजन पाण्यात किती उतरणार? त्याचं खरं काम वेगळं आहे. तो जाताना तळाचं पाणी वर ओढून नेतो आणि वर जाऊन पृष्ठभाग ढवळतो. हवेशी देवाणघेवाण होते ती तिथे.

दुसरं म्हणजे तापमान. 20 अंशाला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसातच्या आसपास. आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. म्हणून उकाड्यात आधी टँकचं झाकण काढा, लहान पंखा पाण्यावरून आडवा वारा जाईल असा लावा. पृष्ठभाग हलतो, बाष्पीभवनाने पाणीही थोडं उतरतं. (म्हणजे तापमानही आणि पातळीही! भर घालत राहा.)

वीज नसेल तर मी जुगाडाच्या भानगडीत पडत नाही. मासे टँकमधल्याच पाण्यासकट रुंद, उथळ टबात काढतो. पाणी तेवढंच, पण हवेला लागणारा पसारा कितीतरी मोठा. वर जाळी टाकायची, नाहीतर गप्पी उडी मारतात. आणि टँकवर तेलकट तवंग असेल तर कोरा कागद पाण्यावर आडवा टेकवून अलगद उचला. तवंग कागदाला चिकटून येतो. पंप वाढवायच्या आधी हे करून बघा.

* * *

फजिती माझी. पंप स्टुलाखाली जमिनीवर, टँक स्टुलावर. रात्री वीज गेली, पंप थांबला आणि नळीतून पाणी उलटं उतरायला लागलं. पंपातून जमिनीवर, जमिनीवरून थेट एक्स्टेंशन बोर्डाकडे. सकाळी पाय ओला झाला तेव्हा कळलं. टँक अर्धा रिकामा. वीज गेलेली होती म्हणून मी हे लिहितोय. आता पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर, खिळ्याला टांगलेला. शिवाय नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तो बसवण्याआधी तोंडाने फुंकून बघा: एकीकडून हवा जाते, दुसरीकडून नाही. मी पहिल्यांदा उलटाच बसवला होता.

* * *

पंप असेल तर नळीच्या टोकाला नुसता बुडबुड्यांचा सच्छिद्र दगड लावून सोडण्यापेक्षा बाटलीचा फिल्टर करा. अर्ध्या लिटरची बाटली, वरच्या भागात सुईने भरपूर भोकं, तळाला धुतलेले खडे, वर स्पंज. झाकणातून रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या पेनाची नळी खाली तळापर्यंत, आणि पंपाची नळी त्या पेनाच्या आत. हवा वर जाताना पाणी घेऊन जाते, त्याच्या जागी भोकांतून नवीन पाणी येतं, स्पंजातून गाळून निघतं. भांडी घासायचा स्पंज नको, काहींत जंतुनाशक असतं. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यात. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात, मग पाणी गढूळ का झालं म्हणून विचारत बसाल.

* * *

फायटर मासा पाळणारे, तुम्ही निवांत झोपा. तो वरची हवा थेट घेतो. फक्त टँक काठोकाठ भरून झाकण घट्ट लावू नका. आणि पंपाचा झोत जोरात सोडला तर त्या लांब शेपटीला पोहणंच जड जातं.

* * *

“माझ्याकडे झाडं आहेत, पंप कशाला” असं मीही म्हणायचे. उजेडात झाडं ऑक्सिजन देतात, अंधारात माशांसारखीच घेतात. माझे मासे नेमके पहाटे वर यायचे, दिवसा एकदम ठीक. कोडं सुटायला महिना लागला. आता पंप रात्री चालू, दिवसा बंद.

* * *

पंप हवा कुठली घेतो याचाही विचार करा. आमच्या खोलीत डासांचा स्प्रे मारला, पंप चालूच होता. सहा मॉली संध्याकाळपर्यंत गेल्या. अशा स्प्रेमध्ये बहुतेकदा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं आणि माशांना ते फार थोडंही पुरतं. टँक झाकलेला होता, पण पंपाने तीच हवा ओढून पाण्यात सोडली. तेव्हापासून त्या खोलीत स्प्रे बंद.

* * *

पुन्हा मीच, सुरुवातीची चार गोल्डफिशवाली. काल वीज असताना रंगीत तालीम केली. सायकलची ट्यूब, चिमटे, सुईची भोकं, सगळं जमलं. फक्त पहिली हवा बाहेर सोडायला विसरले. पाण्यावर पांढुरका थर आला. कोरा कागद टेकवला, दोन कागदांत बराचसा निघाला. गोल्डफिश तेवढ्यात कागदाची कडा चोखून गेले.