ख्रिस्ती प्रेमकथांच्या लेखिका आणि त्यांची श्रद्धेची वाट : अनुभव धागा

ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्यांची साक्ष, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेचा अनुभव, त्यांच्या पुस्तकात नेमकी कुठे आणि कशी उतरते? जाणकारांनी लिहावं. लेखनात कामी येईल असा तपशील असेल तर फारच उत्तम.

*

फ्रान्सिन रिव्हर्सपासून सुरुवात करावी लागेल. या अमेरिकन लेखिकेने आधी सर्वसाधारण वाचकांसाठी ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लिहिल्या. १९८६ साली त्या ख्रिस्ताकडे वळल्या आणि त्यांचं लिखाण काही वर्षं थांबलं. बायबल अभ्यासाच्या त्या काळात बायबलमधला होशेय संदेष्ट्याचा ग्रंथ त्यांच्या मनात रुजला आणि १९९१ मध्ये 'रिडीमिंग लव्ह' ही कादंबरी आली. होशेयाच्या तिसऱ्या अध्यायात संदेष्टा एका व्यभिचारी स्त्रीला चांदीची पंधरा नाणी आणि जव देऊन परत घेतो. रिव्हर्स यांनी हा धागा १८५० च्या कॅलिफोर्नियात, सोन्याच्या शोधाच्या धामधुमीत नेला. तिथला मायकल पळून गेलेल्या आपल्या बायकोला, एंजलला, माघारी आणतो. पण ती शेवटची निघून जाते तेव्हा तो तिच्या मागे जात नाही. तिची श्रद्धा त्याच्यापासून दूर, त्याच्या नकळत घडते आणि मग ती आपण होऊन परतते. माझ्या मते पुस्तकाचा सगळा जीव या अंतरात आहे.

*

वरच्या मुद्द्याला जोडून. नवख्या हस्तलिखितांत हमखास दिसणारी चूक म्हणजे लग्नाची मागणी घालायच्या आदल्या प्रकरणात नायकाचा पश्चात्ताप. बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला (६:१४) विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड न होण्याचा उपदेश वाचकाला पाठ असतो. त्यामुळे असं मन वळलं की 'हा मुलीसाठी वळला' अशी शंका लगेच येते. उपाय सोपा आहे. तो प्रसंग बराच आधी घ्या, नायिका तिथे हजर नको आणि ती आपल्याला मिळणार नाही अशी त्याची खात्री झालेली असू द्या. मग त्याच्या वागण्यातला फरक तिला दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून किंवा एखाद्या कृतीतून कळावा. थकवलेलं देणं त्याने न मागता फेडलं, एवढंही पुरतं.

*

प्रेमकादंबऱ्या छापणाऱ्या हार्लेक्विन या प्रकाशन संस्थेने १९९७ मध्ये 'लव्ह इन्स्पायर्ड' ही ख्रिस्ती प्रेमकथांची मालिका सुरू केली. तिथे साधारण ५५,००० शब्दांची मर्यादा असते. शिवीगाळ नाही, विवाहापूर्वी शरीरसंबंध नाही. एवढ्या जागेत दोघांच्याही श्रद्धेचा पूर्ण प्रवास मावत नाही. एकाची श्रद्धा डळमळलेली आणि दुसऱ्याची स्थिर, पण स्थिर असणाऱ्याच्याही मनात एक अनुत्तरित प्रश्न, अशी मांडणी बरी पडते. पाळकाच्या, म्हणजे चर्चमधल्या धर्मगुरूच्या, तोंडी दोन पानांचं प्रवचन आलं की कथा तिथेच अडते.

*

सगळ्यांची वाट नाट्यमय वळणाची नसते, हेही नोंदवायला हवं. अमेरिकन लेखिका ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल धार्मिक घरातच वाढल्या. १८९९ मध्ये पती वारले, पदरात दोन मुली आणि लेखणी हाच चरितार्थ. पुढे त्यांनी शंभराच्या वर पुस्तकं लिहिली. कॅनडाच्या जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' ही कादंबरी १९७९ ची. विधवा मार्टी क्लार्कच्या छोट्या मुलीच्या, मिसीच्या, संगोपनासाठी त्याच्याशी लग्न करते. इथे श्रद्धा घरकामातून, जेवणाआधीच्या प्रार्थनेतून, शेजारणीच्या आधारातून झिरपते. अशा संथ प्रवासात फरक दाखवायला एकच प्रसंग तीनदा वापरा. पहिल्यांदा ती प्रार्थनेच्या वेळी नुसती गप्प, नंतर ऐकणारी, शेवटी स्वतः बोलणारी. प्रत्येक वेळी टेबल तेच, माणसं तीच.

*

प्रार्थनेबद्दल थोडं. पात्राने देवाला परिस्थिती समजावून सांगू नये. ती वाचकासाठी घातलेली माहिती असते आणि लगेच उघडी पडते. दोन ओळी पुरेत, त्याही त्या माणसाच्या रोजच्या बोलीत. आणि पुस्तकातली निदान एक प्रार्थना मागितल्यासारखी फळू नये. वैधव्य किंवा अपत्यशोक सोसलेल्या वाचकाला ती जागा लगेच ओळखू येते.