चंद्राची कड, कडा की काठ?

विचारणा : जोर्दानो ब्रूनो या चांद्रविवरावर टिपण लिहितेय. रुंदी जेमतेम २२ किलोमीटर. आहे मागच्या बाजूला, पण दिसणाऱ्या बिंबाच्या ईशान्य सीमेपासून थोडंसंच पलीकडे. या सीमेला इंग्रजीत ‘लिम्ब’ म्हणतात, त्यासाठी एका ठिकाणी ‘चंद्राचे अंग’ वाचलं! कड, कडा, काठ यांतलं काय घेऊ? आणि ‘उल्काविवर’ चालेल ना?

प्रतिसाद : बिंबाला कड, विवराला काठ. कडा डोंगराचा, कोकणकड्यासारखा उभा तुटलेला. विवराच्या आतल्या भिंतीसाठी तो राखून ठेवा. विभक्ती मात्र जपून लावा. ‘चंद्राच्या कडेला’ म्हटलं की वाचक चंद्राशेजारच्या आकाशात शोधणार. ‘कडेवर’ लिहिलंत तर चंद्राने विवराला उचलूनच घेतलं! मी ‘बिंबाच्या कडेपलीकडे’ लिहीन.

प्रतिसाद : उल्काविवर नको. उल्का म्हणजे वातावरणात पेटलेली रेघ. चंद्राला वातावरण जवळपास नाहीच. जमिनीवर येऊन आदळतो तो अशनी. म्हणून अशनिविवर किंवा आघातविवर, लोणारचं आहे तसंच.

विचारणा : कडेपलीकडे असूनही ते पृथ्वीवरून कधीमधी दिसतं म्हणतात. ते ‘आंदोलन’मुळे असं लिहू?

प्रतिसाद : आंदोलन म्हटलं की मोर्चा आठवतो हो. सरळ ‘चंद्राचं डोलणं’ म्हणा आणि कारण द्या. चंद्र स्वतःभोवती एकाच गतीने फिरतो. पृथ्वीभोवती मात्र कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने कधी भरभर, कधी सावकाश. त्यामुळे कधी या कडेचं, कधी त्या कडेचं थोडं पलीकडचं डोकावतं. अक्ष किंचित कललेला, म्हणून उत्तर-दक्षिणेलाही तेच. सगळं मिळून आपल्याला ५० नव्हे, सुमारे ५९ टक्के पृष्ठभाग पाहायला मिळतो. ब्रूनो दिसलंच तर इतकं तिरकं, की गोल विवराची नुसती चीर होते.

प्रतिसाद : ईशान्य कड म्हणताना कोणाची दिशा तेही सांगा. चंद्रावरची पूर्व आपल्या आकाशात पश्चिमेकडे येते. तृतीयेची कोर बघा, उजळते ती चंद्राची पूर्व कड.

प्रतिसाद : ११७८ सालच्या, इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या साधूंची गोष्ट घालणार असाल, तर ‘म्हणे’ लावूनच घाला. चंद्रकोरीचं टोक दुभंगलेलं त्यांनी पाहिलं आणि तेव्हाच हे विवर झालं, हा तर्क १९७६ मधला. पण असा आघात झाला असता तर पृथ्वीवर कित्येक दिवस उल्कांचा पाऊस पडला असता, आणि त्याची नोंद कुठेच नाही. आणि हो, मागच्या बाजूला ‘अंधारी बाजू’ म्हणू नका, तिथेही पंधरवडाभर ऊन असतं.