मदत हवी आहे: फरसूटच्या मुखवट्यात चष्म्यावर वाफ धरते

अमेरिकेत पिट्सबर्गला ॲन्थ्रोकॉनला, म्हणजे माणसासारख्या प्राणी-पात्रांच्या चाहत्यांच्या संमेलनाला जायचंय, ऐन उन्हाळ्यात. फरसूट म्हणजे अशा प्राण्याचा केसाळ पोशाख; माझा पूर्ण सूट नाही. डोकं, पंजे आणि शेपूट एवढंच. पात्र आहे तरस. (सिंह-लांडगे सोडून तरस का, हे घरच्यांनी विचारून झालंय. मानेवरची ती आयाळ आणि गळ्याखालचा काळा डाग, बास, जीव जडला.)

डोकं गादीच्या फोमचं, वर फर चिकटवून झालीय. बुबुळं जाळीवर रंगवलीत, तिथूनच दिसतं. तोंड मिटलेलं आहे, ओठांमध्ये बोटभर फट. पाच-दहा मिनिटांत चष्मा पांढरा होतो आणि समोरचं सगळं गायब. लेन्स डोळ्यांना चालत नाहीत, त्यामुळे तो उपाय कृपया सुचवू नका.

वाफ न धरणारा स्प्रे मारून पाहिला, थोडा वेळ टिकतो. आत घाम शोषणारी कानटोपी घालतो. नाकाडात यूएसबीवर चालणारा छोटा पंखा बसवलाय, बाहेरची हवा आत घेणारा; गाल गार होतात, चष्मा तसाच. बरोबर हात धरून नेणारा मित्र असेल, तिथे डोकं काढून बसायची खोलीही असते, पण दर दहा मिनिटांनी तिकडे कोण पळणार?

मुखवट्याच्या डोळ्यांना हात लावायचा नाही, सगळा भाव तिथेच आहे. आयाळीखाली किंवा कानांच्या आत भोकं पाडायची तयारी आहे. चष्मेवाल्यांनी सांगा: पंखा उलटा फिरवून श्वासाची हवा नाकाडातून बाहेर काढू, की तो आहे तसाच ठेवून वर आयाळीत दुसरा, हवा बाहेर फेकणारा बसवू?