खारफुटीवर किती भार टाकावा?

पाणथळ जागा लाटा अडवतात आणि सांडपाणीही शुद्ध करतात, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. मात्र ही दोन्ही कामे सारख्या भरवशाची नाहीत. १९९९च्या चक्रीवादळात ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्यात खारफुटीच्या, म्हणजे किनाऱ्यावरील पाणथळ जंगलाच्या, रुंद पट्ट्यामागच्या गावांत मृत्यू कमी झाले, असे २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. शुद्धीकरणात पाणथळीतील जिवाणू सांडपाण्यातील नायट्रेटचे (नत्राच्या संयुगाचे) वायूत रूपांतर करतात, परंतु शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू नष्ट न होता गाळात साठत राहतात. आम्हां बडोदेकरांना याची विशेष काळजी वाटावी, कारण इकडच्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रियेनंतर कालव्यावाटे मही नदीच्या मुखाशी सोडले जाते. तेथे खारफुटी जरूर वाढावी, परंतु धातू कारखान्यातच वेगळे काढले पाहिजेत.