आवाज बारीक येतोय? आधी फोनो प्रीॲम्प बघा

टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) ॲम्प्लिफायरच्या ऑक्सला, म्हणजे साध्या ऑडिओ इनपुटला, जोडल्यावर आवाज अगदी बारीक आणि पत्र्यासारखा येतोय का? टर्नटेबल बिघडलेलं नसावं, घाईने सुई बदलू नका. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेला छोटा भाग) जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल निघतो. ऑक्सला त्याच्या कितीतरी पट लागतो. शिवाय रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम कमी आणि ट्रेबल जास्त ठेवलेला असतो. हा हिशोब उलटा करून मूळ आवाज परत आणायचं काम फोनो प्रीॲम्प करतो. नुसता व्हॉल्यूम वाढवून ते होत नाही.

टर्नटेबलच्या मागे फोनो/लाइन असं छोटं बटण आहे का बघा. असेल तर लाइनवर करा, म्हणजे टर्नटेबलमधलाच प्रीॲम्प चालू होईल, काम झालं. नसेल तर वेगळा प्रीॲम्प मध्ये घालावा लागेल. ॲम्प्लिफायरला फोनो इनपुट (म्हणजे आतच प्रीॲम्प) असेल तर उत्तमच, पण मग टर्नटेबलचं बटण फोनोवरच हवं. दोन्हीकडचे प्रीॲम्प एकदम चालू राहिले तर आवाज फाटतो.

आणि टर्नटेबलमधून येणारी ती बारीक, टोकाला चिमटा असलेली सुटी वायर लोंबकळत सोडू नका! ती ॲम्प्लिफायरच्या किंवा प्रीॲम्पच्या ग्राउंडच्या स्क्रूखाली नीट आवळा. सतत येणारी घूंऽऽ बहुतेक वेळा तिथेच थांबते.