मदत हवी आहे : अजगराची लांबी कमी झाली का? उद्या काचवाल्याला माप द्यायचंय

अजिंक्यतारा_११ (सातारा)
नमस्कार मंडळी, थेट विचारतो. माझ्याकडे अजगर आहे. जुलैत टाकलेली कात मोजली तर १०४ सेंमी. ऑक्टोबरची कात ९७. काल सुतळीने मोजला, ८६ आला. परत मोजला ८१. तिसऱ्यांदा ८९. तीन महिन्यांत साप सात सेंटिमीटरने कमी होतो का? नवीन टाकी करायची आहे, काचवाला उद्या सकाळी दहापर्यंत माप मागतोय, नंतर पंधरा दिवस तो दुसऱ्या कामावर. खरी लांबी कशी काढायची तेवढं सांगा. लवकर सांगा प्लीज.

कोयनावारा (पाटण)
भाऊ, आधी हे सांगा की अजगर कुठून आणला? आपला अजगर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. घरात ठेवणं गुन्हा आहे. टाकी राहू द्या, आधी वनखात्याला कळवा.

अजिंक्यतारा_११
आपला रानातला नाही हो. बॉल पायथन आहे, आफ्रिकेतला. मला वाटलं पाळलेला म्हटल्यावर तेच समजतील. आता माप सांगा कुणीतरी.

कोयनावारा (पाटण)
मग तेही लिहायला हवं होतं. आणि बॉल पायथनही सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतला प्राणी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी चौथी अनुसूची आली, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. केली आहे का?

अजिंक्यतारा_११
केली आहे. पावती आहे. माप!!

कृष्णाकाठची (सांगली)
माझ्याकडे सहा वर्षं बॉल पायथनची मादी आहे, म्हणून लिहिते. कातेवरून लांबी काढू नका. कात निघताना आतून बाहेर उलटते, ओली असते आणि ताणली जाते. ती सापापेक्षा लांबच भरते, कधी दहा टक्के, कधी वीसच्याही वर. किती ताणली जाईल ते ती ओली किती होती आणि खडबडीत दगडावर घासली की वर्तमानपत्रावर, यावर ठरतं. पावसाळ्यातली कात जास्त ताणली, ऑक्टोबरची कमी. साप कमी झालेला नाही, दादा.

वय किती? वजन किती? शेवटचं कधी खाल्लं?

वाईचा_सर्पमित्र
ताई, कातेला इतकं मोडीत काढू नका. मी वीस वर्षं कातेवरून अंदाज बांधतोय. फूटभर इकडेतिकडे होत नाही.

कृष्णाकाठची (सांगली)
काका, आठ फुटांच्या रानातल्या अजगराला फूटभर फरक चालतो. इथे सगळा सापच तीन फुटांच्या आत आहे.

मिरज_जंक्शन
लांबीच्या मागे लागूच नका. वजन घ्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर झाकणाचा डबा ठेवून आकडा शून्यावर आणा, मग साप आत ठेवा, झालं. लांबीत दहा जण मोजतील तर दहा आकडे येतील. ग्रॅममध्ये वाद नाही.

अजिंक्यतारा_११
काचवाला ग्रॅममध्ये काच कापत नाही दादा. लांबी हवी आहे मला.

हळदबाजार (सांगली)
एक विचारू का, २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत साप शिरले होते, तेव्हा कुणाला बोलवायचं तेच कळेना. आता मोठं अजगर घरात आलं तर कुणाला फोन करायचा?

कोयनावारा (पाटण)
वनखात्याची हेल्पलाइन १९२६. स्वतः हात लावू नका.

वाईचा_सर्पमित्र
आणि पकडलेल्या सापाला दूध पाजू नका. साप दूध पित नाही, तहानलेला असला तर पाणी म्हणून ओढतो आणि ते त्याला बाधतं. शिराळ्याच्या नागपंचमीबद्दल आम्ही गावोगावी हेच सांगत फिरायचो.

मिरज_जंक्शन
शिराळ्याचा विषय काढू नका काका, धागा तिकडेच जाईल.

प्रयोगवही (कराड)
मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मापाचं नीट सांगते.

सुतळीचे तीन आकडे वेगळे आले त्यात आश्चर्य नाही. साप म्हणजे लाकडी पट्टी नव्हे. शेकडो मणक्यांभोवती स्नायू असतात, ते आवळले की साप आखूड होतो, सैल सोडले की लांब. शिवाय सुतळी वळणाच्या आतल्या बाजूने गेली तर आकडा कमी येतो, बाहेरच्या बाजूने गेली तर जास्त. ती कण्याच्या मधल्या रेषेवरूनच गेली पाहिजे. आणि कृपा करून डोकं एकाने, शेपूट दुसऱ्याने धरून ताणू नका. मणक्यांना इजा होते, आणि आकडाही खोटा येतो.

करा असं. उथळ खोक्यात दोनतीन इंच जाड मऊ स्पंज ठेवा. त्यावर साप, आणि वरून पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा अलगद टेकवा. दाबायचं नाही, फक्त हालचाल थांबेल एवढंच. मग ॲक्रिलिकवर मार्करने नाकाच्या टोकापासून पाठीच्या मधोमध शेपटीच्या टोकापर्यंत रेघ ओढा. साप सोडून द्या. मग त्या रेघेवर दोरा टाकून दोरा मोजा. असं तीनदा करून सरासरी घ्या. सापाचे अभ्यासक लहान सापांसाठी हीच पद्धत वापरतात. नाकापासून गुदद्वारापर्यंतचा आकडा वेगळा लिहा, शेपटीचा वेगळा, कारण शेपटीचं टोक कधी तुटलेलं असतं आणि मग पुढच्या सगळ्या तुलना बिघडतात.

अजिंक्यतारा_११
ॲक्रिलिक आता रात्री कुठून आणू? दुकानं बंद झाली. फोटोवरून होईल का?

प्रयोगवही (कराड)
होईल. साप सपाट जमिनीवर, शेजारी त्याच पातळीवर फूटपट्टी, कॅमेरा बरोबर वरून, तिरका नको. मग इमेजजे नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, पट्टीवरून प्रमाण लावा आणि तुकड्यातुकड्यांची रेघ पाठीवरून ओढा. फक्त पट्टी जमिनीवर आणि साप उशीवर असं नको.

वाईचा_सर्पमित्र
माप हा फार फसवा प्रकार आहे, सांगतो. लोक फोन करतात, "बारा फुटी अजगर आलाय", जाऊन टेप लावला की आठ फूट. न्यूयॉर्कच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने तीस फुटांचा जिवंत साप आणणाऱ्याला बक्षीस लावलं होतं, ते वाढत वाढत पन्नास हजार डॉलरवर गेलं, पण शेवटपर्यंत कुणी नेलं नाही. जगात ठिकठिकाणी तीस फुटी सापांच्या गोष्टी आणि टेप लावला की काही नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतला मेडुसा नावाचा जाळीदार अजगर नीट मोजला गेला, तो ७.६७ मीटर भरला. पंचवीस फूट. त्याची नोंद झाली कारण माप झालं.

कृष्णाकाठची (सांगली)
माहिती छान काका. पण दादा, मी तीन प्रश्न विचारले होते. वय, वजन, शेवटचं जेवण.

अजिंक्यतारा_११
वय साधारण सव्वा वर्ष. विकणाऱ्याने लांबीचा काहीतरी आकडा सांगितला होता, आता आठवत नाही. वजन आत्ता केलं, ४१२ ग्रॅम. ऑक्टोबरमध्ये केलं होतं तेव्हा ४३८, मोबाइलमध्ये काट्याचा फोटो आहे. जेवण... नोव्हेंबरच्या मध्यापासून खाल्लेलं नाही. त्याचा लांबीशी काय संबंध?

कृष्णाकाठची (सांगली)
अहो, मूळ गोष्ट तीच आहे! दोन महिने उपाशी आहे हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं.

ऑक्टोबरचं वजन खाण्याआधी केलं की नंतर?

अजिंक्यतारा_११
नंतर, दोन दिवसांनी. उंदीर ३५ ग्रॅमचा होता.

मिरज_जंक्शन
म्हणजे त्या ४३८ मध्ये उंदराचा बराचसा भाग होता. खरं वजन ४१० च्या आसपास असणार. वजन जवळपास तिथेच आहे. बघा, काटा किती सांगतो. पुढच्या वेळी नेहमी खाण्याआधी आणि विष्ठा झाल्यावर तोला, आणि एकाच काट्यावर. आमच्याकडे वहीत तारीख, ग्रॅम, काय खाल्लं, कात, असे चार रकाने आहेत.

प्रयोगवही (कराड)
सहमत, आणि लांबी दोन महिन्यांतून एकदा. लांबी हळू वाढते, दर आठवड्याला मोजून सापाला त्रासच होतो.

कृष्णाकाठची (सांगली)
ह्या जातीला हिवाळ्यात खाणं सोडायची सवय असते, महिनेच्या महिने. पण कारण थंडी असेल तर वेगळी गोष्ट. रात्री त्याच्या गरम कोपऱ्यात तापमान किती असतं? वजन दहा टक्क्यांनी घटलं तर मात्र डॉक्टरांकडे न्यायचंच.

अजिंक्यतारा_११
दिवसा बल्ब असतो. रात्री बंद करतो, झोपायला अंधार लागतो म्हणून. आत्ता थर्मामीटर ठेवून बघितलं, २१. बाहेर कडाक्याची थंडी आहे. मला खरंच लक्षात आलं नाही.

कृष्णाकाठची (सांगली)
आता आलं ना. उजेड न देणारा सिरॅमिक हीटर आणि थर्मोस्टॅट घ्या, थर्मोस्टॅटशिवाय काही लावू नका, भाजतो. गरम बाजू ३१-३२, थंड बाजू २६ च्या आसपास. गरम बाजू नीट होईपर्यंत खायला देऊ नका, पोटात सडतं आणि उलटी होते. माझ्या मादीने पहिल्या हिवाळ्यात असंच केलं, मी घाबरून दर तीन दिवसांनी उंदीर पुढे केला आणि तिने आणखी महिनाभर तोंड फिरवलं. ते करू नका.

टाकीचं म्हणाल तर आजच्या लांबीवर करूच नका. हा पूर्ण वाढला की साधारण चार फुटांपर्यंत जाईल, मादी असली तर आणखी. चार बाय दोन बाय दोन फूट करा. आत लपायला दोन घट्ट जागा ठेवा, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. मोकळी मोठी टाकी लहान सापाला घाबरवते.

मिरज_जंक्शन
माझं मत वेगळं. आत्ता तीन फुटी घ्या, वर्षाने मोठी.

कृष्णाकाठची (सांगली)
आणि दोनदा काचवाल्याला पैसे?

अजिंक्यतारा_११
इमेजजेवर तीन फोटो मोजले : ८४, ८५.५, ८४. म्हणजे ८४-८५ धरतो. १०४ कातेतच राहिले. काचवाल्याला चार बाय दोन बाय दोनच सांगतो, समोर सरकती काच. हीटरसाठी सकाळी पोवई नाक्याला विचारतो. मिळाला नाही तर उद्या रात्री काय करू? हा कोपऱ्यात गुंडाळून बसलाय.

कृष्णाकाठची (सांगली)
गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीबाहेर काचेला टेकवून ठेवा, दर तीन तासांनी बदला. आणि वर घोंगडी टाका, हवेला फट ठेवून. मी जागी आहे, तापमान लिहीत राहा.

अजिंक्यतारा_११
बाटली लावली. २३.