लेकाच्या वाढदिवसाला पफर मासा (लातूरच्या एका सोसायटीचा ग्रुप)

ए-३०१: नमस्कार मंडळी. लेकाच्या वाढदिवसाला खाऱ्या पाण्याची टाकी घ्यायलोय. त्याला तो फुगणारा पफर मासा पाहिजे. दुकानदार म्हणला, दोन फुटी टाकीत डॉगफेस पफर आरामात राहतो. कुणाला अनुभव?

बी-१०२: लै भारी भाऊ! लेकरांना घेऊन येते बघायला. फुगवून दाखवा बरं का 😀

सी-२०४: भाऊ, पैसे दिले नसतील तर थोडं थांबा. मी खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळतो म्हणून सांगायलोय. दोन फुटी टाकीत जेमतेम ७० लिटर पाणी मावतं आणि डॉगफेस वाढून फूटभर होतो. त्याला ४५० लिटर तरी लागतं. म्हणजे नुसतं पाणीच ४५० किलो, वर काच, वाळू, दगड. तिसऱ्या मजल्यावर एका जागी एवढा भार ठेवायचा तर आधी इंजिनिअरला विचारा.

सी-२०४: आणि वहिनी, फुगवायचं काढू नका. मासा भ्याला की पाणी गिळून फुगतो. जाळीनं बाहेर काढला तर हवा गिळतो, ती लवकर बाहेर पडत नाही. जीवही जातो त्यात. तो माणूस ओळखतो, काचेपाशी येऊन बघत राहतो. लेकरांना तेच दाखवा.

बी-१०२: अरे देवा, माहीत नव्हतं. नाही फुगवत. पण विषारी असतो ना तो?

सी-२०४: हात लागून विष चढत नाही. ते यकृतात, अंडाशयात, कातडीत असतं. शिजवूनही जात नाही आणि त्याच्यावर उतारा नाही. म्हणून मेलेला पफर उघड्यावर टाकायचा नाही, कुत्र्या-मांजराच्या तोंडी लागतो. पाण्यात बोट घालायचं नाही ते तो चावतो म्हणून. चार दातांची चोच असते, शिंपला फोडते. हे दात जन्मभर वाढतात. नुसतं मऊ खाणं दिलं तर इतके वाढतात की तोंडात घास जात नाही, मासा उपाशी मरतो. कवचासकट कोळंबी, शिंपले, खेकड्याची नांगी द्यावी लागते.

डी-४०१ (सेक्रेटरी): पाणी कुठलं वापरणार? उन्हाळ्यात आपल्याकडं टँकर असतो.

सी-२०४: काका, हाच मोठा प्रश्न आहे. बोअरचं जड पाणी चालत नाही. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ घालायचं, खायचं नाही. आठवड्याला १० टक्के पाणी बदलायचं म्हणलं तर मोठ्या टाकीला ४५ लिटर, आणि तेवढं शुद्ध पाणी काढताना आरओतून त्याच्या दुपटी-तिपटीनं पाणी वाया म्हणून बाहेर पडतं. २०१६ ला मिरजहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं आपलं लातूर. बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून फरशीला, संडासाला वापरायची तयारी असेल तरच हात घाला.

सी-२०४: उन्हाचंही बघा. माशाला २४ ते २७ अंश लागतात, आपला मे ४० च्या वर. चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) महाग पडतो. पंखा लावला तर पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मात्र टाकीतच राहतं. त्यामुळं भर घालताना बिनमिठाचं आरओचं पाणी घालायचं. खारं घातलं की खारटपणा चढत जातो. लाईट गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच.

ए-३०१: मग लेकाला नाहीच म्हणू का?

सी-२०४: नाही म्हणू नका भाऊ. व्हॅलेंटिनी पफर बघा. पूर्ण वाढून ४ इंचांच्या आसपास, देखणा, तीन फुटी टाकीत राहतो. पण वाढदिवसाला फक्त टाकी द्या. महिना-दीड महिना ती माशाशिवाय चालवायची, घाण पचवणारे जिवाणू वाळू-दगडात वाढू द्यायचे. अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून पाण्यात तयार होणारी विषं) शून्यावर आले की मग मासा आणायचा. पफरला खवले नसतात, खराब पाणी आणि तांब्याचं औषध त्याला लवकर बाधतं.

ए-३०१: ठीक आहे. डॉगफेस नको म्हणून दुकानात सांगतो. आधी टाकीच घेऊ.

सी-२०४: टाकी लागली की कळवा. तपासायचं किट माझ्याकडं आहे, लेकालाच मोजायला शिकवतो.